एकाआड एक ठोका

रविवारी सकाळी घरामागच्या छोट्या रुळावर विजयमालाबाईंचं इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या वाफेवर हललं, आणि दहा फूट जातंय न जातंय तोच बाईंच्या कपाळावर आठी पडली.

आयटीआयमध्ये सत्तावीस वर्षं टर्नरचं काम शिकवून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा नागापूरच्या घरामागे पत्र्याची शेड घातली, जुनं लेथ मशीन आणलं आणि वाफेचं इंजिन करायला घेतलं. खेळण्यातलं नव्हे, मागच्या गाड्यावर माणूस बसवून ओढेल असं, पाच फूट लांब. कोणी कारण विचारलं की त्या सांगायच्या, "गिअर नसताना ते मागं कसं जातं, असं एकदा वर्गात एकानं विचारलं होतं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते आत राहिलं." त्यापायी साडेचार वर्षं गेली. यजमान गोरक्षराव पोस्टातून निवृत्त. सुरुवातीला ते हसायचे. पुढे तांब्याचा बॉयलर जोडताना गॅसचा बर्नर धरून तासन् तास उभे राहायला लागले.

आणि आज हे. चाकं फिरत होती, धुराड्यातून फुसकारे निघत होते, पण ते सारखे पडत नव्हते. गेल्या महिन्यात शेडमध्ये चाकं अधांतरी ठेवून पंपाच्या हवेवर फिरवलं, तेव्हा ठोके कसे शिवणयंत्रासारखे आले होते.

"चालतंय ना?" गोरक्षराव म्हणाले. "मग झालं की."

"झालं कसं? ऐका जरा."

दूध घालायला आलेली लंकाबाई कुंपणापाशी किटली घेऊन उभी होती. खर्ड्याकडची बाई, वीस वर्षं उसतोडीला गेलेली, आता मुलाच्या नोकरीमुळे इकडे राहायला आलेली. ती मान तिरकी करून ऐकत होती.

"मॅडम, लंगडतंय हे."

"कशावरून?"

"एकाआड एक पाऊल उशिरा पडतंय. आमी कारखान्यावर गाडी न्यायचो ना, तवा म्होरं बसून डोळं मिटलं तरी कळायचं, कोन्या बैलाच्या खुराची पत्री ढिली झाली ते. रिकाम्या गाडीला न्हाई कळत. ओझं आलं की कळतं."

विजयमालाबाईंनी बोटांवर ठोके मोजले. एकाआड एक. इंजिनाला दोन सिलिंडर, एक डावीकडे, एक उजवीकडे. ठोकेही आळीपाळीने पडणार, एक डावा, एक उजवा. म्हणजे सगळं इंजिन बिघडलेलं नव्हतं. एकच बाजू मागे पडत होती. आणि हवेवर फिरवलं तेव्हा ओझं कुठे होतं?

"अहो, मागं घेऊन बघू," त्या म्हणाल्या आणि दिशा बदलायचा दांडा मागे ओढला.

इंजिन उलटं निघालं. फस्, फस्, फस्, फस्. एकसारखं.

"आता न्हाई लंगडत," लंकाबाई म्हणाली. "आसं कसं वो?"

विजयमालाबाई तिथेच मातीत बसल्या आणि काडीने चित्र काढून सांगायला लागल्या. प्रत्येक सिलिंडरसाठी आसावर दोन चकत्या होत्या, भोक मध्यावर न पाडता जरा बाजूला पाडलेल्या. वाफ कधी आत सोडायची, हे पुढे जाताना एक चकती ठरवते, मागे जाताना दुसरी. दांडा फक्त कोणाचं ऐकायचं तेवढं बदलतो. वर्गातल्या त्या प्रश्नाचं उत्तर इतकंच होतं.

"म्हंजी म्होरं न्हेनारी चकती हलली," लंकाबाई म्हणाली. "पर कोन्या बाजूची?"

"ते आत शिरून बघावं लागेल."

आग विझवून इंजिन गार होईपर्यंत दुपार झाली. लंकाबाई बाकीचं दूध घालून परत आली होती. गोरक्षरावांनी बॅटरी धरली आणि विजयमालाबाई पाठीवर झोपून इंजिनाखाली सरकल्या. डाव्या बाजूची, पुढे नेणारी चकती ज्वारीच्या दाण्याएवढी सरकली होती. तिला धरून ठेवणारा स्क्रू बोटाने फिरत होता.

"नुसत्या स्क्रूवर भरवसा ठेवू नका, आरपार पिन ठोका," त्या आतूनच म्हणाल्या. "वर्षानुवर्षं पोरांना ओरडून सांगितलं मी हे."

"आणि स्वतः?" गोरक्षराव.

"स्वतः घाई केली."

पिन बसवायला दोन दिवस लागले. बुधवारी सकाळी पुन्हा आग घातली, दाबाच्या काट्याने पुरेशी वाफ दाखवली, आणि विजयमालाबाईंनी लंकाबाईला मागच्या गाड्यावर आपल्या पुढ्यात बसवलं. इंजिन निघालं. ठोके असे सरळ पडत होते की गोरक्षराव पायाने ताल धरायला लागले.

"मी हाकू?" लंकाबाईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वाफ सोडायची मूठ धरली. साठ फुटांचा रूळ बघता बघता सरला. रुळाच्या टोकाचा धुण्याचा दगड जवळ आला.

"मॅडम, ह्याला कासरा कुठं हाय?"

विजयमालाबाईंनी वाफेची मूठ बंद करून ब्रेक दाबला. दगडापासून हातभर अंतरावर इंजिन सुस्कारा टाकून थांबलं. लंकाबाईने पदराने तोंडावरची काजळी पुसली, नीट सावरून बसली आणि स्वतःच दांडा मागे ओढला.