पूजेत मांडलेला पेनड्राइव्ह

डोक्यावरून आंघोळ करून नम्रता बाहेर आली, केसांना टॉवेल गुंडाळला आणि सवयीने न्हाणीच्या दाराबाहेरच्या खिळ्याकडे हात नेला. खिळा रिकामा. काळा दोरा नाही, दोऱ्यातला पेनड्राइव्ह नाही. दसऱ्याच्या दिवशी घरच्या सुनेच्या तोंडून निघू नयेत असे दोन-तीन शब्द निघाले, आणि तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

पावसाळाभर तो पेनड्राइव्ह तिच्या गळ्यात होता. पळसदरीच्या बायकांनी त्यावरून तिची पोटभर टिंगल केली. 'काय गं, ताईत कुनी दिला?' म्हणून विचारायच्या. 'कर्जतच्या वकीलबाईंनी,' ती सांगायची, आणि ते खरंच होतं. ॲडव्होकेट ऋजुतांच्या ऑफिसात ती टायपिंग करायची; त्यांनीच त्यात लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी प्रणाली, भरून दिलं होतं. घरच्या कॉम्प्युटरला तो लावायचा, चालू करताना एक बटण दाबून 'याच्यावरून सुरू हो' असं सांगायचं. मग कॉम्प्युटरमधलं विंडोज झोपलेलंच राहतं. सगळं काम पेनड्राइव्हवर, कागदपत्रं त्याच्याच कुलूपबंद कप्प्यात, आणि काढून घेतला की कॉम्प्युटर कानावर हात ठेवायला मोकळा.

आणि ते हवंच होतं, कारण घरचा कॉम्प्युटर म्हणजे गावची चावडी. नवऱ्याने, हरेशने, टेंपोच्या बिलांसाठी तो जुना घेतला खरा, पण त्यावर कोणी सातबारा काढायचं, कोणी मुलीचा बायोडेटा बनवायचं, कोणी हळदीची गाणी भरून न्यायचं. प्रत्येकाचा पासवर्ड त्यात राहिलेला आणि प्रत्येकाचा व्हायरसही. असल्या कॉम्प्युटरवर ते जबाब ठेवायचे म्हणजे बाजारात दवंडी पिटायची.

खालापूरकडच्या एका पॅकिंग कंपनीतल्या चार बायकांचे ते जबाब होते. सुपरवायझर कामाच्या निमित्ताने एकटीला गोदामात बोलवायचा आणि आत काय करायचा, ते त्यांनी रडत, थांबत, शपथा घालत सांगितलं होतं. त्यातली एक सोनाली, हरेशची धाकटी बहीण, आत्ता आतल्या खोलीत झोपलेली. 'वयनी, आयेला कळलं तर ती जगायची नाय,' एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. कंपनीच्या समितीकडे ईमेलने तक्रार दाखल करायची मुदत आज संपत होती. दुपारपर्यंत जबाब ऋजुताताईंकडे गेले नाहीत, तर तो माणूस उद्या मिशीला पीळ देत कामावर येणार होता. आणि दुसरी प्रत नव्हती. ऋजुताताई दहादा म्हणाल्या होत्या, 'एक माझ्याकडे देऊन ठेव.' 'पूर्ण झालं की देते,' असं ही शहाणी दहादा म्हणाली होती.

तिने उशा उलट्या केल्या, तांदळाच्या डब्यात हात घातला, हरेशच्या शर्टाचे खिसे तपासले.

"पेनड्राइव्ह ना?" हरेश टेंपोला झेंडूची माळ बांधत होता. "माजा घे की. त्यात नुसती गानीच हायेत."

त्याला उत्तर देण्यात अर्थ नव्हता. ती तणतणत माजघरात आली. पाटावर कोयता, विळा, पहार, हरेशचे नट खोलायचे पाने ओळीने मांडलेले. त्यांच्या शेजारी, विड्याच्या पानावर, तिचा पेनड्राइव्ह. वर झेंडूचं फूल, अक्षता, हळदीकुंकवाचा भरघोस टिळा. आणि सासूबाई, विमलबाई, फुलाने पाणी शिंपडत होत्या.

"आई! पाणी नका!"

"आगं वरडतंस कशाला? समद्यांवर शिपडलं."

"कोयत्याला चालतं, याला नाय चालत! कुनी हात लावायचा नाय म्हनून सांगितलं होतं ना मी?"

"म्हनून तर. तूच बोललीस, माजं हत्यार हाय ते. हत्यार म्हनल्यावर पूजा नको करायला?"

नम्रता पुढे वाकली. विमलबाईंनी तिचा हात धरला. "पूजेत मांडलेलं उचलत नायत. सांजचं सोनं वाटून आलो की घे."

"संध्याकाळी त्याचा उपयोग नाय, आई!"

"टेंपो बी उभाच हाय की," हरेश दारातून म्हणाला. "मी बी आज भाडं घेतलं नाय."

"तुमी माळा बांधा!"

तेवढ्यात फोन वाजला. ऋजुताताई. "नम्रता, पाठवलेस का गं?"

"ताई, तो पूजेत आहे."

"कशात?"

नम्रताने फोन ठेवला. पावसाळाभर तिने घरातल्या प्रत्येकाला बजावलं होतं, 'हात लावायचा नाही', आणि आज तोच नियम तिच्याच बोकांडी बसला होता. तिला स्वतःची, सासूची, दसऱ्याची, सगळ्यांची चीड आली. हरेश माळा संपल्या म्हणून नाक्यावर गेला, तसा तिचा बांध फुटला.

"आई, काय हाय त्यात तुमाला ठावं नाय. चौघी बायकांची अब्रू हाय. दुपारच्या आत नाय पाठवलं, तर त्या मेल्याचं कोन काय बी वाकडं करनार नाय. मंग लावा त्याला हळद!"

विमलबाईंनी हातातलं फूल खाली ठेवलं.

"चौघी?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं आमची सोनीच एकली."

"तुमाला कुनी सांगितलं?" नम्रताने विचारलं.

"पोर घरी आली की दोन दोन येळा न्हाती. ताटावरनं उठती. रातच्याला तुज्यापाशी येऊन कुजबुजती, आन् तू त्यो ताईत छातीशी धरून बसतीस. आये हाय मी." त्यांनी पाटासमोर डोकं टेकलं, 'चुकलं तर पदरात घे' असं काहीतरी पुटपुटल्या, आणि स्वतःच्या हाताने पेनड्राइव्ह उचलून सुनेच्या तळहातावर ठेवला.

पेनड्राइव्हच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्यांत हळद गच्च बसली होती. नम्रताने कापूस सॅनिटायझरमध्ये बुडवून ती काढली, पंख्याखाली धरला, पुन्हा पुसला. लावला, तर कॉम्प्युटरने सरळ विंडोज उघडलं. शिव्या देत तिने तो बंद केला, पुन्हा पुसला, पुन्हा लावला. या खेपेला काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या आणि कुलपाची चौकट आली. कुठेही न लिहिलेला तो लांबलचक पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा कप्पा उघडला. चारही फायली जागेवर होत्या.

विमलबाई पडद्याकडे पाठ करून दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

"तुमी बघितलंत तरी चालंल," नम्रता म्हणाली.

"नको. तिला सांगायचं आसंल तवा ती सांगंल."

फायली गेल्या. थोड्या वेळाने 'मिळाल्या, आत्ताच दाखल करतेय' असा ऋजुताताईंचा निरोप आला. नम्रताने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि मग इतक्या वेळाने तिला रडू आलं.

"आता त्या मेल्याला कळंल का, कुनीकुनी लिव्हलं त्ये?" विमलबाईंनी विचारलं.

"हो. तक्रारीची प्रत त्याला देतात. चौघींची नावं कळतील."

विमलबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"कळू दे," त्या म्हणाल्या, आणि सोनालीला उठवायला आत गेल्या.