तलावातलं धान

कोरोनात धानाच्या शेतकऱ्यांना सरकारी मदत मंजूर झाली. कारभार पारदर्शक असावा म्हणून नावांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. हरकत घ्यायला तीन दिवस होते. घराबाहेर पडायची बंदीही त्याच तीन दिवसांची होती. चौथ्या दिवशी बंदी उठली आणि यादी अंतिम झाली.

पाचव्या दिवशी रंभाबाई यादीपुढे उभी राहिली. तिची धानाची एक एकर बांधी. बाकी पोट तलावातल्या मासोळ्यांवर. सिंदेवाहीचा बाजार बंद पडल्यापासून मासोळ्यांना गिऱ्हाईक नव्हतं. या मदतीवर दिवाळीपर्यंतचं घर चालायचं होतं. यादीत तिचं नाव नव्हतं. पहिलंच नाव होतं माजी सरपंच गुणवंतरावांचं: गट क्रमांक ११२, धान, चार एकर.

गट ११२ म्हणजे गावचा तलाव. मासेमारी सोसायटी दरवर्षी त्याच क्रमांकाचा ठेका भरते.

तरी रंभाबाईनं अर्ज दिला: गट ११२ तपासा, माझं नाव घ्या. तलाठी पाहणीला आला. तिच्या नवऱ्यानं, डोमानं, त्याला डोंग्यात बसवून तलावाच्या मधोमध नेलं.

"हे पाहा साहेब, गुणवंतरावचं धान."

तलाठ्यानं फाईल छातीशी धरली आणि खाली पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी अहवाल भिंतीवर लागला. 'सदर पीक पूर्णतः पाण्याखाली आढळले. अतिवृष्टीच्या मदतीसही पात्र.' खाली आणखी एक ओळ होती. 'अर्जदाराकडे डोंगा असल्याने ती शेतकरी नाही.'

आमच्या गावात एक रिवाज आहे. निंदणाला, म्हणजे तण काढायला, दारी आलेल्या बायांना रिकामं परतवायचं नाही. काम नसलं तर अर्धी रोजी द्यायची. सकाळी आठ बाया घेऊन रंभाबाई गुणवंतरावांच्या दारात बसली.

"भाऊ, निंदाले आलो."

"कुठचं निंदण वो?"

"एकशे बाराचं. चार एकराले आठ बाया पुरतीन ना?"

"काऊन थट्टा करून राह्यली बाई?"

"मी कायले करू? सरकारनं लिहून देल्लं. तुमी म्हणा धान नाई म्हणून, आमी आल्या वाटेनं जातो."

समोरच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा अहवाल पाच-सहा जण वाचत होते. गुणवंतरावांनी अर्धी रोजी मोजली. दुसऱ्या दिवशी सोळा बाया आल्या. तिसऱ्या दिवशी तीस, आणि त्यात त्यांची सख्खी वहिनी मीराबाई.

"तूही?" गुणवंतराव म्हणाले.

"बसल्या जागी रोजी भेटते, भाऊजी. मले काय कडू हाय?"

चौथ्या दिवशी त्यांनी रंभाबाईसमोरच तलाठ्याच्या हातात कागद दिला. गट ११२ मध्ये माझे धान नाही, तिथे तलाव आहे. तलाठ्यानं तो दोनदा वाचला.

"तलाव आहे? मग हे आधी कोणी का सांगितलं नाही?"

"राहू द्या साहेब," रंभाबाई म्हणाली. "आता माह्या बांधीत चाला."

"डोंग्यानं?"

"पायी."

तो बांधीत उतरला आणि पिंडरीपर्यंत चिखलात रुतला. बाहेर काढायला त्यानं हात पुढे केला. बांधावर उभ्या रंभाबाईनं तो धरला नाही.

"आधी लिहा."

त्यानं तिथेच उभ्या उभ्या लिहिलं: रंभाबाई, शेतकरी, धान, एक एकर. रंभाबाईनं एकेक अक्षर वाचून पाहिलं, खाली सही घेतली आणि मग डोमाला हाक मारली, "द्या साहेबाले हात."