डिकीतली पुडी

जाफराबादच्या वेशीवर तृप्तीबाईंच्या गाडीचा काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटमधून वाफ उठली, आणि समोर नेमके लालमियाँचे गॅरेज निघाले. दुसरे कोणाचेही चालले असते.

गेल्या वर्षी याच दुखण्यावर लालमियाँनी इलाज केला होता. चार महिन्यांत गाडी पुन्हा तापली, तेव्हा बाईंनी कॉलेजच्या ग्रुपवर निवाडा दिला : या इसमाने चांगला भाग काढून घेतला व टाकाऊ बसवला. भाषा निर्दोष होती, पुरावा नव्हता. एकतीस अंगठे उमटले आणि कॉलेजच्या बससकट सहकाऱ्यांच्या गाड्या दुसऱ्या दारी गेल्या. बाई इतिहास शिकवतात. साधने न तपासता विधान करणे हा त्यांच्या वर्गात गुन्हा समजला जातो.

लालमियाँनी ओळख दाखवली, तक्रार नाही. "बसा मॅडम. आधी थंड होऊ द्या, मंग झाकण खोलू."

इंजिन निवल्यावर त्यांनी पाणी भरले, गाडी चालू केली आणि काटा वर सरकताच रेडिएटरचे दोन्ही पाइप चाचपले.

"वरचा चटका देऊन राह्यला, खालचा गार. पानी फिरूनच न्हाई राह्यलं. झडप अडकली."

गाडी बंद करून, पुन्हा निवू देऊन त्यांनी झडप काढली. तिच्यावर चुन्यासारखा पांढरा थर बसला होता.

"बोअरचं पानी कोन टाकतं?"

"ड्रायव्हर," बाई म्हणाल्या. ड्रायव्हर त्यांनी आयुष्यात ठेवला नव्हता.

लालमियाँनी हात पुसले. "गेल्या टायमाला जुनी झडप दाखवून सांगितल्तं, कूलंटच टाका. तुम्ही फोनवर होत्या. मंग कागदात बांधून डिकीत ठेवली. काढलेला माल गिऱ्हाइकाचा. आपला न्हाई."

बाईंनी डिकी उघडली. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली पुडी होती, सुतळीची गाठ जशीच्या तशी. आत तसाच थर, तशीच अडकलेली झडप. वर्षभर त्या हे साधन मागे घेऊन हिंडत होत्या.

"माझ्याकडे ड्रायव्हर नाही," त्या म्हणाल्या.

"मालूम आहे. तवाबी तुम्हीच चालवत आल्त्या."

दोन्ही झडपा बाकावर शेजारी मांडून बाईंनी फोटो काढला. ग्रुपवर लिहिले : 'लालमियाँनी काहीही लबाडी केली नव्हती. बोअरचे पाणी मी ओतत होते. मी खोटे लिहिले.' प्रथमच त्यांना चौथे वाक्य सुचले नाही.

लालमियाँनी रेडिएटर धुऊन काढला, नवी झडप बसवली, हिरवे कूलंट भरले. काटा अर्ध्यावर येऊन थांबला. तोवर अंगठा एकच उमटला होता, शिपाई केशरबाईंचा.

"कॉलेजची बस येईल का मंग?" लालमियाँनी फोनकडे पाहत सहज विचारावे तसे विचारले.

बाईंनी पुन्हा फोन पाहिला. अंगठा अजून एकच होता.

लालमियाँनी आजची झडप कागदात गुंडाळली, सुतळीची तशीच गाठ मारली. या वेळी मात्र पुडी डिकीत न ठेवता त्यांनी ती बाईंच्या हातात दिली.