सगळ्यांना पटलेलं वाक्य

गावाने डोंगरावर जायचं की समुद्राला भिंत घालायची, हा वाद फिजी बेटांवरच्या नासोलेवूच्या बैठकीत कधी मिटलाच नसता. तिथे गावप्रमुख वरच्या अंगाला बसतात, त्यांच्यापुढे यंगोना या मुळांच्या पेयाचं भांडं, आणि बायका दाराशी. दाराशी बसलेलं माणूस बोलत नाही. शिवाय निम्मं गाव आता राजधानीत, सुवात, नाहीतर सिडनीत.

अकानिसी सुवाला सॉफ्टवेअर कंपनीत होती. आपली आई जन्मभर दाराशी गप्प बसलेली तिने पाहिली होती. म्हणून तिने गावासाठी एक संकेतस्थळ बांधलं. कुणीही एक वाक्य लिहायचं. नाव दिसत नाही. बाकीच्यांनी ‘पटतं’, ‘पटत नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ यांपैकी एक दाबायचं. उत्तर द्यायची सोयच तिने ठेवली नाही, म्हणजे भांडण नको. गावातल्या, सुवातल्या, सिडनीतल्या अशा सगळ्या गटांना पटलेलं वाक्य आपोआप वर चढायचं.

“म्हणजे प्रमुखांचं आणि माझं वाक्य शेजारी शेजारी?” तिची मामेबहीण ताराइविनी फोनवर म्हणाली. तिचं घर समुद्राकडून पहिलं.

“हो. आणि कुणाचं कुठलं ते कळणार नाही.”

“माझं कळेल. चुका असतील ना त्यात.” ती हसली. “शहरात राहून अगदीच वाया गेली नाहीस म्हणायची तू.”

नासोलेवूत रेंज येते ती फक्त शाळेमागच्या टेकाडावर. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना भरवून ताराइविनी एका दुपारी तिथे चढली आणि तिने लिहिलं, ‘भरतीचं पाणी घरात येतं. दालोचे, आपल्या अळूचे, कंद मिठाने कुजतात. आम्हाला वर जायचंय.’

सिडनीकरांनी ते वाचलं आणि ‘सांगता येत नाही’ दाबलं. खोटेपणा नव्हता त्यात. त्यांनी ते पाणी पाहिलंच नव्हतं. वाक्य खाली खाली गेलं. वर चढलं ते दुसरंच: ‘आपली माणसं जिथे पुरली आहेत ती जागा आपण सोडायची नाही.’ सिडनीला पटलं, सुवाला पटलं. गावातल्यांनाही पटलं, कारण थडग्यांची पर्वा नाही असं कोण म्हणेल? ताराइविनीनेही ‘पटतं’च दाबलं होतं.

या वाक्यावरून गावाच्या समितीने भिंत बांधायचं ठरवलं. अकानिसीने समितीच्या अध्यक्षांना, विलियामेंना, सिडनीला फोन लावला.

“काका, जे वर आलंय त्यात भिंतीचा शब्दही नाही. आणि जे किनाऱ्यावर राहतात त्यांचं म्हणणं तळाला पडलंय.”

“पोरी, सगळ्यांचा आवाज सारखा, असं तूच सांगितलंस ना आम्हाला?”

“सांगितलं.”

“मग आता कुणाचा मोठा करू?”

त्यांचा आवाज प्रेमळ होता. फोन ठेवून ती स्क्रीनकडे बघत राहिली. आपण भांडणाची जागा काढून टाकली, तेव्हा समजावून सांगायची जागाही गेली, हे तिला तेव्हा कळलं. तिने उत्तरांची सोय जोडून दिली. पण निर्णय झाला होता; तिकडे कुणी फिरकलं नाही.

भिंत झाली. पुढच्या वर्षी मोठ्या भरतीला वारा मिळाला आणि लाटा भिंतीवरून आत आल्या. आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती. ताराइविनीने आणि तिच्या नवऱ्याने मोमो इसिकेलींना, म्हणजे तिच्या वडिलांना, अकानिसीच्या मामाला, उचलून टेबलावर ठेवलं. पाणी उतरेना. गादी भिजली, त्यांच्या छातीत कफ भरला, आणि खवळलेल्या समुद्रात दवाखान्याची बोट येऊ शकली नाही. मोमो गेले. दफनभूमी पाण्याखाली होती, म्हणून त्यांना डोंगरावर पुरलं.

संकेतस्थळावर कुणीतरी लिहिलं, ‘मोमो इसिकेली भला माणूस होता.’ सगळीकडच्या सगळ्यांनी ‘पटतं’ दाबलं. इतकी एकवाक्यता तिथे त्याआधी कधीच झाली नव्हती. अकानिसीने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीने ती गावी निघाली.

ताराइविनी डोंगरउतारावर खांब पुरत होती. आणखी तीन-चार कुटुंबांनी ताडपत्र्या ठोकल्या होत्या. कुणाला विचारलं नव्हतं.

“तू परत का नाही लिहिलंस?” अकानिसीने विचारलं. “आवाज चढवून. दहादा.”

“लिहिलं होतं की एकदा.” ताराइविनीने कुदळ खाली ठेवली. “तिथे दहादा सांगावं लागतं, हे मला कुठे माहीत? मला वाटलं, वाचलं म्हणजे कळलं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर अकानिसीला बरं वाटलं असतं.

खाली भिंतीच्या आत पाणी अजून साचलेलं होतं, हिरवट, हलत नसलेलं. ताराइविनीने छपरासाठी आणलेल्या पत्र्याचं एक टोक उचललं आणि दुसऱ्या टोकाकडे मानेने खूण केली.

“धर. हात कापून घेऊ नकोस.”

अकानिसीने पत्रा धरला आणि दोघी चढ चढू लागल्या.