पेशींना आग्रह

रविवारी दुपारी नागोजीअण्णांच्या पांढऱ्या पेशी चालल्या. आता हे वाक्य विसरा, कारण शुक्रवारपर्यंत त्या ढिम्म होत्या आणि रक्षिताची पीएचडीही त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली होती.

काम सोपं होतं. दोन चिमुकले पेले, एकावर एक. वरच्याचा तळ चाळणीसारखा. त्यात लॅबचे तंत्रज्ञ नागोजीअण्णा यांच्या ताज्या रक्तातल्या पेशी. खालच्यात केमोकाइन, म्हणजे पेशींना ‘इकडे या’ म्हणणारं माणसाचं प्रथिन, बॅक्टेरियाकडून करवून घेतलेलं. पेशींनी दोन तासांत चाळणीतून खाली उतरायचं. सोमवारपर्यंत उतरल्या नाहीत तर विषय बदल, चार वर्षं विसर, असं तिच्या गाइड वसुमती मॅडमनी फार प्रेमाने सांगितलं होतं.

रक्षिता बंगळूरमधल्या के. आर. पुरमच्या जुन्या मराठा घरातली. तिथे पाहुणा जेवला नाही, तर त्याला भूक नव्हती असं कुणी मानत नाही. वाढण्यात कमी पडलं असं मानतात. केमोकाइनबरोबर आलेल्या कागदावरचं प्रमाण तिला लाज वाटावी इतकं कमी दिसलं, म्हणून पहिल्याच दिवशी तिने दहापट घातलं. पेशी आल्या नाहीत, तेव्हा वीसपट. शुक्रवारी पन्नासपट.

अण्णांनी हे मनाला लावून घेतलं. सगळी लॅब त्यांच्याकडे संशयाने बघत होती. बायकोने तर फोनवर सांगितलं म्हणे, आळस पहिल्यापासून रक्तातच आहे.

शनिवारी ते रक्षिताच्या वहीत डोकावले.

“किती घालतेस गं?”

“पन्नासपट, अण्णा.”

“सगळीकडे एवढा घमघमाट सुटल्यावर स्वयंपाकघर कुठल्या बाजूला ते त्यांना कळणार कसं? स्वल्प घाल की.”

रक्षिताने जुने शोधनिबंध काढले. तिसऱ्याच परिच्छेदात तेच होतं, फक्त स्वयंपाकघराशिवाय.

रविवारी तिने नवं रक्त घेतलं आणि कागदावरचंच प्रमाण घातलं. दोन तासांनी खालच्या पेल्यात अकरा हजार चारशे बारा पेशी होत्या. तिने तीनदा मोजल्या, मग स्टुलावर बसून पोटभर श्वास घेतला. मॅडम फोनवर कानडीत “सरी”, म्हणजे ‘बरं’, एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच.

अण्णांनी संध्याकाळीच अर्ज टाइप केला: ‘मा. संचालक यांस, सुट्टीच्या दिवशी कामावर हजर राहिलेल्या माझ्या ११,४१२ पांढऱ्या पेशींना प्रत्येकी एक दिवसाची बदली सुट्टी मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.’