वॉकी चारावर

आमच्या मंगल कार्यालयात वॉकीटॉकी आल्या त्या दिवशी मालक गुरुशांत अण्णांनी त्यांना विभूती लावली, नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. त्या वापरायच्या कशा, हे मात्र कुणीच विचारलं नाही. विकायला आलेल्या माणसानं आपणहून सांगून बघितलं, "ही डिजिटल हाय. ओरडून आवाज वाढत न्हाय. ज्याला ऐकायचंय त्यानं आपल्या सेटवरचं बटण फिरवायचं." पण सोलापुरात हे कोण ऐकणार? इथं निम्मं गाव मागाच्या खडखडाटात वाढलेलं. आम्ही कानात गुपित सांगतो तेसुद्धा शेजारच्या गल्लीला कळतं.

स्टेजकडचं सगळं मी बघते आणि पंगतीकडचं माझे सासरे, सिद्धाप्पा. त्यांना हे काम मीच मिळवून दिलं. समाजसेवा म्हणून नाही. टॉवेलचा कारखाना बंद पडल्यावर ते घरी बसले आणि सकाळपासून टीव्ही लावून बसायला लागले, तोही एवढ्या आवाजात की कपाटातली भांडी हलायची. मी टीव्ही बंद करायची, ते चालू करायचे. मी ओट्यापाशी उभी राहून माहेरच्या मैंदर्गीच्या कन्नडमध्ये ओठातल्या ओठात पुटपुटायची, "मुदुका, आता पुरे की!" मुदुका म्हणजे म्हातारा, आणि हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द. बाकीचे इथं सांगण्यासारखे नाहीत. त्यांना ऐकू जात नाही, ही एकच सोय देवानं मला दिली होती. ती मी आठ वर्षं मनापासून वापरली.

वॉकी आल्यावर मामंजींनी आपल्या सेटचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. "आजकालची पोरं तोंडात गुळणी धरून बोलत्यात," हे त्यांचं कारण. बहिरेपणा मान्य करतील तर ते सिद्धाप्पा कसले! कानात घालायची वायर दिली, तर ती त्यांनी करदोट्याला गुंडाळली.

व्हायचं तेच झालं. एका लग्नात अक्षता पडायच्या आधी सगळा मांडव चिडीचूप उभा होता. पंगत कधी बसवायची ते विचारायला मामंजी वॉकी घेऊन थेट स्टेजपाशी आले, आणि त्यांच्या कमरेतून आचारीण महादेवीचा आवाज गरजला, "हुग्गी खाली लागलीय! वरवरची वाढा, तळ खरवडू नका!"

हुग्गी म्हणजे आमच्या लग्नातली गव्हाची खीर, पंगतीची राणी. त्या दिवशी तिला कुणी हात लावला नाही. नवरीची आत्या तर वाटी हुंगून बाजूला सारत होती. अण्णांनी संध्याकाळी सगळ्या वॉकी गोळा केल्या आणि माझ्याकडूनच नेलपॉलिश मागून प्रत्येक बटणावर चाराच्या आकड्यापाशी लाल खूण केली. "ह्याच्या फुडं कुणी बटण फिरवलं तर बघा. आणि शिवलीला, पुन्ना पंगतीत घोटाळा झाला तर तुझ्या सासऱ्याला घरी बसवणार. लई झालं."

घरी बसवणार! डोळ्यांपुढं टीव्ही आला, हलणारी भांडी आली. खरं सांगते, थोडी कीवही आली, कारण हे काम लागल्यापासून म्हातारा रोज दाढी करायला लागला होता.

पुढच्याच लग्नात कसोटी लागली. नवरदेवाचे चुलते अकलूजहून निघाले आणि गाडी मोडनिंबजवळ पंक्चर झाली. त्यांच्याशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत असा नवरदेवाच्या आजोबांचा हुकूम सुटला. मुहूर्त टळून गेला. इकडे भुकेली मंडळी जेवणाच्या हॉलमध्ये आधीच पाट अडवून बसलेली. मामंजी हॉलच्या दारात, स्टेजच्या बरोबर समोर उभे. त्यांची पद्धत ठरलेली: घड्याळात ठरलेली वेळ झाली की खांद्यावरचा टॉवेल हवेत फिरवायचा, आणि वाढपी पोळ्या घेऊन सुटायचे. अक्षतांआधी पान वाढलं असतं तर आजोबांनी वऱ्हाड उठवून नेलं असतं.

"मामंजी, पंगत थांबवा," मी वॉकीत म्हटलं. काही नाही. परत म्हटलं. मांडवाच्या त्या टोकाला मामंजींनी वॉकी कानाला लावली, हलवली, फुंकली. आवाज चारावर होता आणि चारावर त्यांना काय ऐकू जाणार, डोंबल! मधे एवढी गर्दी की पळत जावं तर साडी फाटावी. त्यांचा हात टॉवेलकडे निघाला.

"आण हिकडं," म्हणून अण्णांनी माझी वॉकी हिसकावली आणि तिच्यात असे ओरडले की भटजी दचकले. त्यानं काय होणार होतं? ओरडून आवाज वाढत नाही. माझे हात रिकामे झाले. रागानं आणि भीतीनं मी नेहमीसारखी पुटपुटले, त्यांच्याकडे बघत, "मुदुका, टॉवेल खाली ठेव. चुलते यायचेत अजून, कळत नाही का तुला?"

मामंजींचा हात थांबला. त्यांनी टॉवेल खांद्यावर नीट बसवला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि वाढप्यांना हातानं मागं सारलं.

"बघितलंस?" अण्णा छाती फुगवून म्हणाले. "चारावर लई ऐकू येतंय. बोलणाऱ्यात दम पायजे."

चुलते आले, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. मी सरळ स्वयंपाकघरामागं गेले. मामंजी पाटावर बसून हुग्गी खात होते.

"तुमाला ऐकू कसं आलं?" मी विचारलं.

"ऐकू कुटं आलं? दिसलं." त्यांनी माझ्या तोंडाकडे बोट केलं. "कारखान्यात माग चालू असले की कानाचा काय उपेग? आमी समदे ओठ बघूनच बोलायचो. तेलुगू, कन्नड, मुसलमानांची बोली, समदं ओठावरनं. ह्या डबड्याला तोंडच न्हाय, म्हून घोटाळा."

"आणि तो टीव्ही?"

"त्यात दुसऱ्याच भाषेतली माणसं मराठी बोलत्यात. ओठ एक म्हंत्यात, आवाज दुसराच. म्हून वाढवतो."

मी मान डोलावली, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ओट्यापासून त्यांची खुर्ची समोर दिसते. आठ वर्षं दिसते. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, तशी वेळ आली.

"म्हणजे घरी मी जे..."

"व्हय की." त्यांनी बोटानं वाटी निपटली. "मुदुका तर रोजचंच. गेल्या श्रावणात म्हशीवरनं एक नवीन शिवी काडली व्हतीस, ती चांगली व्हती."

"मग बोलला का नाही कधी?"

"बोललो असतो तर तू बंद केली असतीस." "तुजा नवरा मोबाईलात तोंड घालून बोलतो, त्याचं मला काय बी कळत न्हाय. नातवंडं पाठ फिरवून. बहिरा म्हटल्यावर मानूस बोलायचंच सोडतंय, शिवे. घरात तू एकटी माज्याकडं तोंड करून बोलायचीस."

मी त्यांची वाटी घेतली आणि तळातली, खरवडलेली हुग्गी वाढली. ती त्यांना आवडते, हे मला माहीत होतं.

आता मामंजींची वॉकी कमरेला बंदच असते, शोभेची. पंगतीचा निरोप मी स्टेजवरून त्यांच्याकडे तोंड करून सांगते, आणि अण्णांना वाटतं की आवाजात दम आहे. घरी मात्र एक बदल केला. शिवी घालायची असली की आधी गॅस बारीक करते, वळते आणि त्यांच्या समोर उभी राहून सावकाश घालते.