टोपलीतल्या सेहेचाळीस फायली

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी जुना कॉम्प्युटर नव्या डिस्कवर सुरू झाला. दहा पंचवीसला बाईंनी पडद्यावरच्या टोपलीवर दोनदा टिचकी मारली. टोपली रिकामी होती.

बाई छापखान्यातून निवृत्त झालेल्या मुद्रितशोधक, वय सदुसष्ट. खोलीत आणखी दोघे होते. एक बाईंचा मुलगा आणि एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. बिघडलेल्या यंत्राला तो पेशंट म्हणतो, म्हणून अख्खी गल्ली त्याला डॉक्टर म्हणते.

"यातलं कुठे गेलं रे?" बाईंनी विचारलं.

"कशातलं, काकू?"

"टोपलीतलं."

डॉक्टर हसला. "तो कचरा होता. काढून टाकला. तुम्हाला विचारलं होतं ना मी, मंगळवारी?"

विचारलं होतं. "कचरा काढून टाकू ना, काकू?" असं तो दारात उभा राहून म्हणाला होता, आणि बाई म्हणाल्या होत्या, "कचरा कशाला ठेवतोस? काढ की." मुलाने हे स्वतः ऐकलं होतं.

"कचरा काढायला सांगितलं," बाई म्हणाल्या. "टोपलीला कोणी हात लावायला सांगितला?"

आता डॉक्टर हसत नव्हता. "काकू, टोपली म्हणजेच कचरा."

बाई खुर्चीत बसल्या. मुलगा त्यांच्याकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

बाईंच्या छापखान्यात प्रत्येक मुद्रितशोधकाच्या टेबलाला डाव्या हाताला तारेची एक टोपली असायची. तपासून, सही करून झालेलं पान त्या टोपलीत टाकायचं. टोपलीत गेलेल्या पानाला पुन्हा कुणी हात लावायचा नाही, ते थेट छपाईला जायचं. एकतीस वर्षं बाईंनी हेच केलं. निवृत्तीनंतर घरी कॉम्प्युटर आला, त्याच्या पडद्यावर टोपलीचं चित्र होतं. काय टाकायचं तिच्यात, हे विचारायची बाईंना गरजच वाटली नाही. तपासून झालेली फाईल त्या ओढून टोपलीत सोडत. झालेलं काम पुन्हा उघडायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे चौदा वर्षांत काही अडलंही नाही.

टोपलीत सेहेचाळीस फायली होत्या. सुतार, शिंपी, लोहार, छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी यांच्या तोंडी असलेल्या शब्दांचा कोश. नऊ वर्षांचं काम, चार हजारांवर नोंदी. सोमवारी प्रकाशकाकडे द्यायचा होता.

"चिठ्ठ्या असतील ना, आई?" मुलाने विचारलं. "तू चिठ्ठ्यांवर लिहून आणायचीस."

"तपासून झालं की फाडायची मी."

"सगळ्या?"

"एका मजकुराच्या दोन प्रती ठेवल्या की चुका दुसरीत लपून बसतात. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

मुलगा दोन्ही हात डोक्यावर ठेवून भिंतीला टेकला.

कॉम्प्युटर नवा घ्यायचा की जुनाच सुधारायचा, यावर घरात आठवडाभर वाद चालला होता. सुरू व्हायला त्याला अकरा मिनिटं लागत. मुलाचं म्हणणं, याला आता पेन्शन दे. बाई म्हणाल्या, "माझंही डोकं जुनंच आहे, तेही बदलून आणतोस का?" सून म्हणाली, "आई, तुमचं डोकं निदान हाक मारली की लगेच सुरू होतं." शेवटी डॉक्टरला बोलावलं. त्याने झाकण उघडून धूळ फुंकली आणि निदान केलं: पेशंटचं काळीज ठणठणीत आहे, गुडघे गेलेत. डिस्क बदला, पळेल. बाई जिंकल्या. डॉक्टरने जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवलं. उतरवण्याआधी त्याने नेहमीच्या शिस्तीने कचरा काढला.

"नवीन घेतला असता," मुलगा म्हणाला, "तर हा होता तसा कोपऱ्यात पडून राहिला असता. टोपलीसकट."

बाईंनी डॉक्टरला विचारलं, "जुनी डिस्क कुठे आहे?"

"दुकानात," डॉक्टर म्हणाला. "काकू, पुसलेलं लगेच जात नाही. जागा मोकळी आहे अशी खूण होते फक्त. वर दुसरं काही लिहिलं गेलं नाही, तर निघतं."

"मग लिहिलंयस का वर?"

डॉक्टर वायर गुंडाळायला लागला.

"अरे, तुला विचारतेय मी."

"काल एका गिऱ्हाइकाचे फोटो ठेवले होते त्यावर. तात्पुरते. सहलीचे."

"किती?"

"बरेच होते, काकू."

दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. बाई मुलाच्या चपला घालून तिथपर्यंत चालत गेल्या, हे त्यांना दुकानाच्या पायरीवर कळलं. आत तीन स्टुलं, उघडी पडलेली यंत्रं आणि पंखा. डॉक्टरने जुनी डिस्क खणातून काढली, आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि पुसलेलं शोधणारा प्रोग्राम लावला. पावणेबाराला शोध सुरू झाला.

दीड वाजता नावांची यादी आली. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस नावं होती. मुलाने "आई!" म्हणून त्यांचा खांदा धरला. डॉक्टर घाईघाईने म्हणाला, "थांबा, थांबा. ही नुसती पाटी आहे. घरात माणूस आहे का, ते दार उघडल्यावर कळेल."

'क'ची फाईल उघडली. पूर्ण होती. 'ख' पूर्ण. 'ग' बाराव्या पानापर्यंत बरोबर होती, तेराव्यापासून नुसते चौकोन. पानामागून पान, ओळीने चौकोन. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. चौकोन तसेच होते.

"हे त्या फोटोंतलं कुणाचं तरी डोंगरावरचं ऊन असेल," डॉक्टर हळूच म्हणाला आणि आपण बोललो याचाच त्याला पश्चात्ताप झाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी टेबलावरचं एक जुनं पाठकोरं बिल ओढलं, पेन मागितलं आणि 'ग'मधले आठवतील ते शब्द लिहायला घेतले. सात लिहिले. मग हात थांबला.

"प्रकाशकांना फोन करू?" मुलाने विचारलं.

"काय सांगशील?"

"हेच, की…"

"आपल्याला तरी अजून कुठे कळलंय?"

चार वाजेपर्यंत एकोणीस फायली उघडून झाल्या. अकरा पूर्ण, सहा अर्ध्या, दोनांत एकही अक्षर नाही. चार वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरने विसावी फाईल उघडायला घेतली. ती 'प'ची होती, सगळ्यांत मोठी, सहाशे नोंदींची. पडदा पांढरा होता. फाईल अजून उघडत होती.